सूत्रधारांची रजिस्ट्री

लिफ्ट देखभाल कंपनीच्या त्या कचेरीत सूत्रधार हे काही कुणाचं खरं नाव नव्हतं. नियोजन विभागाच्या प्रमुखांना स्प्रेडशीटमधली सगळी सूत्रं तोंडपाठ होती, म्हणून लोक त्यांना सूत्रधार म्हणत. लोक जरा खवचटपणेच म्हणत, पण सूत्रधारांनी ती पदवी अत्यंत गंभीरपणे स्वीकारली होती. कुणाची बेरीज चुकली की ते मागे हात बांधून त्याच्या टेबलाशी उभे राहत आणि म्हणत, "कंस बघा. कुठेतरी कंस उघडा राहिलाय." बहुतेक वेळा तो राहिलेलाच असे. सूत्रधार लोकांना आवडत नसण्याचं हेही एक कारण होतं.

कचेरीचं काम साधं होतं. शहरातल्या इमारतींमधून लिफ्टच्या तक्रारी येत. कुणाची मधेच थांबली, कुणाचं दार लागेना, कुणाची वर जाते पण खाली यायचं नाव घेत नाही. प्रत्येक टेबलावर एका भागाच्या तक्रारी नोंदल्या जात आणि कुठला मेकॅनिक कुठे जाणार हे त्यावरून ठरवावं लागे. हे ठरवण्यावरून रोज दुपारपर्यंत इतका आरडाओरडा होई, की अडकलेल्या लिफ्टमधले लोक त्यामानाने शांत असत. सूत्रधारांनी यावर तोडगा काढला. त्यांनी एक बटण तयार केलं. ते दाबलं की तक्रारी आणि मेकॅनिक यांची आपोआप सांगड घातली जाऊन दिवसाचं वेळापत्रक समोर येई. स्प्रेडशीटला अशी मागाहून जोडायची जी फाईल असते, तिला अ‍ॅड-इन म्हणतात. सूत्रधारांची बायको तिला घरजावई म्हणे. बाहेरून यायचं, कायमचं राहायचं आणि घरच्यांना कामाला लावायचं, हे सगळं जुळतच होतं.

बटणात एकच उणीव होती. ते फक्त सूत्रधारांच्या मशीनवर होतं.

मुख्य कार्यालयातल्या मॅडम पाहणीला आल्या तेव्हा त्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मॅडम कमी बोलत, त्यामुळे त्यांचं बोलणं लोकांना दोनदा ऐकू येई. "बटण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला ताप आला, तर लिफ्टमध्ये अडकलेल्यांनी तुम्ही बरे होईपर्यंत थांबायचं का?"

सूत्रधार हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"नियोजनाचं सगळं काम मुख्य कार्यालयात न्यायचं चाललंय. विभागही तिकडेच येईल. मी पुढच्या महिन्यात परत येते. तोपर्यंत हे बटण प्रत्येक टेबलावर चालताना दिसलं, तर विभाग इथेच राहील."

मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात होतं. सूत्रधारांची बायको इथल्या शाळेत शिकवत होती, नुकतीच पर्यवेक्षिका झाली होती, आणि शाळा काही गाठोड्यात बांधून बरोबर नेता येत नाही. म्हणजे सूत्रधार तिकडे, बायको इकडे आणि रविवारी फोन. ही कल्पना सूत्रधारांना मुळीच सोसणारी नव्हती. पण भीती वाटली की त्यांची छाती पुढे येई, हा त्यांचा जुना दोष होता.

"महिना फार झाला, मॅडम," ते म्हणाले. "आणि एकाही मशीनला हात न लावता सगळीकडे बसवून दाखवतो."

शेजारी बसलेल्या तक्रारताईंनी कपाळाला हात लावला. तक्रारताई म्हणजे दिवसभर फोनवर तक्रारी घेणाऱ्या बाई. माणूस कधी अडकणार हे त्यांना आवाजावरून कळत असे.

आता हात न लावता हे सूत्रधार का म्हणाले, हे सांगायला हवं. त्यांनी आधी एकदा हाताने बसवायचा प्रयत्न केला होता. एकेका टेबलावर जायचं, खुर्चीतल्या माणसाला उठवायचं, त्याच्या खुर्चीत बसायचं, मेनू उघडायचा, त्यातला मेनू उघडायचा, फाईल शोधायची, चौकोनात खूण करायची. सांगायला हे सोपं आहे. पण दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कसली प्रतिष्ठा? एका खुर्चीत त्यांचे गुडघे छातीला लागले, एका खुर्चीत पाय जमिनीला लागेनात. त्यात मागे उभा राहिलेला खुर्चीचा मालक "माझे फोटो उडाले नाहीत ना?" असं दर मिनिटाला विचारी. भांडारप्रमुखांनी तर ती खूण दुसऱ्या दिवशी स्वतःच काढून टाकली. कारण विचारल्यावर ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ओळखीची वाटली नाही."

तेव्हा हात लावायचा नाही. स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची चिठ्ठी: ही फाईल उचल, त्या जागी ठेव आणि रजिस्ट्रीत नोंद कर. आणि रजिस्ट्री म्हणजे संगणकाच्या पोटातली ती जागा, जिथे कुठल्या प्रोग्रामने सुरू होताना काय उघडायचं, हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. हा शब्द नीट ध्यानात ठेवावा. सूत्रधारांनी तो जरा सैल सोडला आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

पहिला प्रयोग अर्थातच घरी झाला, बायकोच्या लॅपटॉपवर. बायको शाळेच्या परीक्षेचं वेळापत्रक करत बसली होती.

"पाच मिनिटं दे," सूत्रधार म्हणाले.

"मागच्या वेळी पाच मिनिटं दिली होती तेव्हा अक्षरं उलटी उमटायला लागली होती."

"ती वेगळी गोष्ट होती."

अ‍ॅड-इन नीट उघडलं की नाही हे कळावं, म्हणून सुरुवातीलाच एखादा संदेश पडद्यावर आणायची पद्धत आहे. जगभरचे लोक अशा वेळी काय लिहितात देव जाणे. सूत्रधारांनी काही विचार न करता जे रोज तोंडात असतं ते लिहिलं. त्यामुळे बायकोने स्प्रेडशीट उघडल्याबरोबर मधोमध एक चौकोन आला:

"अगं, ऐकतेस का?"

खाली दोन बटणं होती, होय आणि नाही. 'होय' दाबलं की "मग चहा टाक" असा दुसरा चौकोन यायचा आणि मग वेळापत्रकाचं बटण दिसायचं. सूत्रधार बायकोच्या खांद्यावरून कौतुकाने बघत होते. बायकोने चौकोन वाचला, चष्मा सारखा केला आणि 'नाही' दाबलं.

काहीच झालं नाही. ना चौकोन, ना बटण.

"नाही कशाला दाबलंस?"

"ऐकत नव्हते म्हणून."

"अगं, पण 'होय' दाबायचं असतं. 'नाही' म्हटल्यावर काय करायचं ते मी लिहिलेलंच नाही."

"तेच तर," बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून लिहिलेलं नाहीये."

सूत्रधारांनी हे बोलणं तांत्रिक अंगाने घेतलं. आणि तांत्रिक अंगाने बघता ते बरोबरच होतं. वापरणारा 'नाही' म्हणू शकतो, हे प्रत्येक प्रोग्रामने गृहीत धरायला हवं. त्यांनी मुकाट्याने तेवढा भाग लिहिला. आता 'नाही' दाबलं की चौकोनात येई, "बरं, राहू दे. मीच टाकतो," आणि त्यानंतर बटण दिसे. बायकोने ते वाचलं आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसली.

"असं कधी म्हणालात हो तुम्ही?"

"चाचणी आहे ही," सूत्रधार म्हणाले. "चाचणीत वाटेल ते लिहितात."

तेवढ्यात बायकोचं हसू थांबलं. "माझं शाळेचं बटण कुठे गेलं?"

झालं होतं असं: रजिस्ट्रीत अ‍ॅड-इनसाठी ओळीने खण असतात. पहिला भरलेला असेल तर दुसऱ्यात बसायचं, दुसराही भरलेला असेल तर तिसऱ्यात. पहिल्या खणात शाळेचं अ‍ॅड-इन सुखाने नांदत होतं. सूत्रधारांच्या स्क्रिप्टने ना दार वाजवलं, ना चौकशी केली. आतल्याला बाहेर काढलं आणि आपला जावई बसवला. शाळेची नोंद परत घालून सगळं सुरळीत होईपर्यंत जेवणं गार झाली. पण स्क्रिप्ट आता आधी मोकळा खण शोधायला शिकली. माणसंसुद्धा इतक्या लवकर शिकत नाहीत, असं सूत्रधार जेवताना म्हणाले. बायकोने भाजीचं भांडं त्यांच्यापुढे जरा जोरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात शेजारी भेटले. शेजारी वीजखात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण निरीक्षण अजून चालू होतं.

"काल भिंतीपलीकडून कानावर आलं," ते म्हणाले. "रजिस्ट्री करताय म्हणे?"

"हो, झालीसुद्धा," सूत्रधार बूट घालता घालता म्हणाले.

"झाली? रात्री? पण कचेरी तर बंद असते."

"कचेरी कशाला हवी? घरबसल्या होते. दोन ओळी लिहायच्या की झालं."

"आणि साक्षीदार?"

"बायको होती ना शेजारी."

शेजाऱ्यांनी आवाज खाली आणला. "आधी कुणाचं नाव होतं?"

"तिच्या शाळेचं," सूत्रधार प्रामाणिकपणे म्हणाले. "चुकून उडालं ते. मग तिनेच आरडाओरडा केला, म्हणून परत घातलं. पण आता आपलंही आहे शेजारी."

एवढं बोलून ते बसथांब्याकडे गेले. जमिनीच्या खरेदीखताची तेवढीच रजिस्ट्री ठाऊक असलेले शेजारी मात्र कठडा धरून तिथेच पायरीवर बसले.

बातमी कुठल्या वाटेने गेली ते सांगणं अवघड आहे, पण संध्याकाळपर्यंत ती सूत्रधारांच्या मोठ्या बहिणीच्या घरी पोचली होती. ताईचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "आपल्या घरात असं कधी कुणी केलं नाही रे! शाळेची जागा? लहान मुलांच्या खेळायच्या मैदानावर नाव लावलंस? आणि वहिनी साक्षीदार?" सूत्रधारांनी तिला रजिस्ट्री म्हणजे काय ते समजावलं. खण, नोंदी, सगळं. ताईने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण मग जागा परत दिलीस ना?"

पुढे बायकोला शाळेत मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं आणि दार लावून प्रेमाने विचारलं, काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांग. त्या दिवशी तिने ताट वाढलं आणि पाठ फिरवली. सूत्रधारांनी विषय काढायचा प्रयत्न केला.

"अगं, ऐकतेस का?"

"नाही," बायको म्हणाली.

तिकडे कचेरीत याहून मोठं प्रकरण उभं राहत होतं. सगळ्या मशीनवर काही बसवायचं म्हणजे लेखी परवानगी हवी. सूत्रधारांनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला: 'सर्व टेबलांवर अ‍ॅड-इन बसवण्यासाठी रजिस्ट्रीत बदल करण्याची परवानगी मिळावी.' अर्ज गेला तो थेट रजिस्ट्रीत. कारण त्या कचेरीत रजिस्ट्री म्हणजे आवक-जावक शाखा, आणि आवक-जावक शाखा म्हणजे शिक्केकाका. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचं काम त्यांचं. ते शिक्का मारत तेव्हा शेजारच्या खोलीतले पेले हलत.

शिक्केकाका अर्ज हातात धरून स्वतः आले. "माझ्या रजिस्ट्रीत बदल करायचाय?"

"तुमच्या नव्हे हो, मशीनच्या."

"मशीनची रजिस्ट्री? मग इतकी वर्षं मी काय सांभाळतोय?"

"काका, ही आतली रजिस्ट्री."

"आतलं असो की बाहेरचं. या कचेरीत जे येतं ते माझ्याकडून येतं. माझ्या हाताखाली कुणाला बसवताय, नाव सांगा."

सूत्रधारांनी तीन वेळा समजावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी कागदावर खणांचं चित्रसुद्धा काढलं. शिक्केकाकांनी ते चित्र अर्जाला टाचून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण जे बसवायचं ते अर्जासोबत जोडा. आत्ता. मी बघितल्याशिवाय काहीही मंजूर होत नाही, आणि मंजूर झाल्यावर त्यात काना-मात्रेचाही फरक चालत नाही."

सूत्रधारांनी घाईघाईने खिशातला पेनड्राइव्ह काढून दिला. त्यावर घरच्या प्रयोगातली फाईल होती. संदेशासकट. शिक्केकाकांनी तो पाकिटात घातला, पाकीट बंद केलं, चिकटपट्टीवर शिक्का मारला आणि 'मंजुरीस्तव' असं लिहून वर पाठवलं. सूत्रधारांनी त्याच संध्याकाळी घरच्या फाईलमधला संदेश काढून टाकला, फाईल लखलखीत केली आणि पाकिटातली फाईल विसरले. ते विसरले, पण आपण विसरायला नको.

मंजुरी फिरत राहिली. दोन वेळा 'रजिस्ट्री' या शब्दाला कायदा विभागाने हरकत घेतली आणि एकदा कुणीतरी 'अ‍ॅड-इन' हे पद कायमचं की हंगामी, असा प्रश्न विचारला. सूत्रधारांनी सगळ्यांना शांतपणे उत्तरं दिली. त्यांची खात्री तसूभरही हलली नाही. मॅडम यायच्या जेमतेम दोन दिवस आधी पाकीट परत आलं, त्यावर 'आहे तसे मंजूर' असा शेरा होता.

आता सगळी सूत्रं गेली पासवर्डच्या हाती. पासवर्ड म्हणजे संगणक विभागाचा माणूस; तो कुणालाही कुठलाच पासवर्ड देत नसे, म्हणून हे नाव. सूत्रधारांच्या सगळ्या तयारीवर त्याने एकच वाक्य ऐकवलं, "मी फक्त मंजूर प्रत बसवतो." सूत्रधार म्हणाले, उत्तम. मग दुसऱ्या दिवशी पासवर्डने आपल्या खोलीत बसून एकामागून एक सगळ्या मशीनवर स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर प्रत्येक मशीनपुढे 'यशस्वी' असं आलं. पासवर्डच्या लेखी तपासणी म्हणजे हा शब्द दिसणं, त्यामुळे तो पडदा बंद करून घरी जायला निघाला.

सूत्रधारांनी तक्रारताईंच्या टेबलाशी जाऊन बघितलं. बटण नव्हतं. भांडारप्रमुखांकडे नव्हतं. कुठेच नव्हतं.

बऱ्याच विचारानंतर कोडं सुटलं. रजिस्ट्रीत प्रत्येक माणसाचा भाग वेगळा असतो. पासवर्डने प्रत्येक मशीनवर स्वतःच्या नावाने शिरून स्क्रिप्ट चालवली होती. त्यामुळे अ‍ॅड-इन कचेरीतल्या एकूण एक मशीनवर बसलं होतं, पण फक्त पासवर्डसाठी. म्हणजे पासवर्डने कुठल्याही टेबलावर बसावं आणि लिफ्टचं वेळापत्रक करावं, एवढी सोय झाली होती.

"मग ताई, आता?" सूत्रधारांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला 'आता?' असं विचारलं असावं.

"मला काय विचारता?" तक्रारताई म्हणाल्या. "मी येणाऱ्याला इतकंच सांगते, की ज्याचं त्याने येऊन सही करावी. दुसऱ्याच्या नावाने केलेली तक्रार मी घेत नाही."

सूत्रधारांनी टेबलावर थाप मारली. ज्याचं त्याने! सकाळी ज्याचा तो माणूस आपल्या नावाने मशीनमध्ये शिरतो, त्याच क्षणी स्क्रिप्ट त्याच्या नावाने चालायला हवी. पासवर्डला दारातून परत बोलावलं. तो कुरकुरला, पण तशी व्यवस्था करून दिली. फक्त ती चालते की नाही, हे बघायला मधे एकही दिवस उरला नव्हता. सूत्रधारांना याची काळजी वाटायला हवी होती. पण त्यांना सोहळ्याची काळजी पडली होती.

"उद्या मॅडम येईपर्यंत कुणीही स्प्रेडशीट उघडायची नाही," त्यांनी सगळ्यांना ताकीद दिली. "मशीन सुरू करा, नाव घाला आणि हात मांडीवर ठेवून बसा. मी हात वर केला की सगळ्यांनी एकदम उघडायची. बटण सगळीकडे एकदम उगवलं पाहिजे."

सकाळी मॅडम आल्या. सूत्रधार नवा शर्ट घालून मधोमध उभे होते. मॅडम तक्रारताईंच्या खुर्चीत बसल्या. सगळी कचेरी हात मांडीवर ठेवून बसली होती. शिक्केकाका दारात शिक्का घेऊन उभे होते. सूत्रधारांनी हात वर केला.

सगळ्या टेबलांवर, एकदम, मोठ्या अक्षरांत, चौकोन उगवला.

"अगं," मॅडमनी सावकाश वाचलं, "ऐकतेस का?"

सूत्रधारांच्या डोळ्यांपुढे शिक्केकाकांचं पाकीट, त्यावरची चिकटपट्टी आणि 'आहे तसे मंजूर' हा शेरा एकामागून एक येऊन गेले. भांडारप्रमुखांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला कुणी 'अगं' म्हणतंय हे बघितलं. ते शिस्तीचे गृहस्थ होते, त्यांनी 'होय' दाबलं. "मग चहा टाक," असं आल्यावर ते खरोखरच अर्धे उठले.

"हे कुणाला उद्देशून आहे?" मॅडमनी मान न वळवता विचारलं.

"मॅडम, चाचणीतला आहे. म्हणजे घरातला. माझ्या बायकोला."

"असं." मॅडमनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. "आणि ती नाही म्हणाली तर?"

असं म्हणून त्यांनी 'नाही' दाबलं.

तेवढ्या एका क्षणात सूत्रधारांना आपलं गाठोडं, परक्या शहरातली खोली, रविवारचा फोन, सगळं दिसलं. आणि मग दिसली ती चष्मा सारखा करून 'नाही' दाबणारी बायको. तिने त्या रात्री ऐकलं असतं, तर आत्ता, इथे, मॅडमच्या समोर काहीच झालं नसतं. ना चौकोन, ना बटण. भर कचेरीत, सगळ्यांदेखत, त्यांना बायकोची अशी आठवण कधी आली नव्हती.

पडद्यावर आलं, "बरं, राहू दे. मीच टाकतो."

आणि मग कोपऱ्यात बटण दिसलं. मॅडमनी ते दाबलं. सकाळच्या तक्रारी सरसर खाली उतरल्या, प्रत्येकीसमोर मेकॅनिक येऊन बसला. सगळ्यात वर होती दवाखान्याच्या इमारतीतली बंद पडलेली लिफ्ट, आणि तिच्याजवळचा मेकॅनिक तिच्यापुढे आलेला होता. मागच्या टेबलावरून कुणीतरी "आलं, आलं!" म्हणालं. मग सगळीकडूनच आलं, आलं, असं ऐकू यायला लागलं. आरडाओरडा झाला, पण या वेळी आनंदाचा. कुणाच्याही मशीनला सूत्रधारांचा हात लागला नव्हता.

मॅडमनी वेळापत्रक वरून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "विभाग इथेच राहील." आणि खुर्ची वळवून सूत्रधारांकडे बघून म्हणाल्या, "मग टाका."

"काय, मॅडम?"

"चहा. लेखी दिलंय तुम्ही. सगळ्या टेबलांवर."

सूत्रधारांनी त्या दिवशी सबंध कचेरीचा चहा केला. साखर जास्त पडली, पण कुणी तक्रार केली नाही, तक्रारताईंनीसुद्धा नाही. जाताना मॅडमनी हे अ‍ॅड-इन सगळ्या शाखांत लावायचा हुकूम दिला. सूत्रधार धावत शिक्केकाकांकडे गेले आणि म्हणाले, "काका, तेवढा एक संदेश काढून टाकू द्या." शिक्केकाकांनी शांतपणे मान हलवली. "रजिस्ट्रीत बदल? अर्ज करा."

तेव्हापासून त्या कंपनीच्या प्रत्येक शाखेत, प्रत्येक सकाळी, मोठमोठ्या मिशांच्या माणसांना अगं म्हणून हाक मारली जाते, असं म्हणतात.

सूत्रधार घरी आले तेव्हा बायको वह्या तपासत बसली होती. त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. चौकोन, मॅडम, 'नाही'चं बटण. "तू 'नाही' म्हणाली नसतीस, तर आज विभाग गेला असता," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांची छाती पुढे आली नव्हती.

बायकोने पेन खाली ठेवलं. "म्हणजे जायचं नाही?"

"नाही."

"मी ठरवून ठेवलं होतं," ती म्हणाली, "तुम्हाला कुठली भांडी द्यायची ते. छोटा कुकर आणि ती चपटी कढई. रोज मनात काढत होते आणि परत ठेवत होते." तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुसायची गरज होती ती काचांना नव्हती. मग तिने वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि आवाज स्वच्छ करून म्हणाली,

"अहो, ऐकताय का?"

"ऐकतोय."

"मग चहा टाका."

सूत्रधारांनी सवयीने 'नाही'चं बटण शोधलं. पण हा प्रोग्राम बायकोचा होता, आणि तिने ते ठेवलेलंच नव्हतं. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. चहाची पूड कुठे असते, हे मात्र त्यांना विचारावं लागलं.